नियम पाळणारी भुतं

दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावरून एके काळी भुताखेतांचा मजकूर देशभर जात असे. इथल्या हिंदुस्थान टाइम्स हाउसमधून ‘कादंबिनी’ हे हिंदी मासिक निघायचं. १९६० साली सुरू झालेलं हे मासिक तसं साहित्यिक वळणाचं, पण संपादक राजेंद्र अवस्थी यांच्या काळात त्याचे तंत्र-मंत्र विशेषांक निघू लागले आणि हिंदी पट्ट्यातल्या घराघरांत त्यांची वाट पाहिली जाऊ लागली. आपल्याकडे दिवाळीत ‘नवल’ आणि ‘धनंजय’ जे काम करतात, तेच. त्याच घराचं मुलांसाठीचं ‘नंदन’ होतं. त्यात राक्षस आणि पऱ्या असत, पण त्या बिचाऱ्या फारच सोज्वळ. २०२० साली दोन्ही मासिकं बंद पडली.

याच रस्त्यावर २०१३ पासून नवं महाराष्ट्र सदन उभं आहे. कामासाठी आलेली मराठी माणसं संध्याकाळी पाय मोकळे करायला निघाली, की बहुतेकदा शेजारच्या हेली रोडवरच्या अग्रसेन की बावलीकडे वळतात. साठेक मीटर लांबीची ही दगडी पायऱ्यांची विहीर, दोन्ही बाजूंना कमानी, आत पारवे आणि वटवाघळं. दिल्लीतल्या ‘झपाटलेल्या’ जागांच्या प्रत्येक यादीत तिचं नाव असतं. इथलं काळं पाणी माणसाला भुरळ घालून आत ओढून नेतं म्हणे. पाणी बघायला जावं तर बहुतेक वेळा तळ कोरडा असतो आणि पायऱ्यांवर फोटो काढणाऱ्यांची गर्दी.

मला ही बावली भुताच्या दृष्टीने फार कच्ची वाटते. भूत कोणाचं, ते का रेंगाळलं, त्याला काय हवंय, काय दिलं की ते जाईल, यातलं काहीच त्या कथेत नाही. कोकणातल्या कुठल्याही म्हातारीने ही गोष्ट ऐकली तर पहिला प्रश्न विचारेल, “त्येचा मागणा काय?” मागणं नसलेलं, बंधन नसलेलं भूत म्हणजे नुसता अंधार. त्यावर गोष्ट उभी राहत नाही आणि चित्रकथा तर नाहीच नाही.

चित्रकथांच्या जगात गेली पन्नासेक वर्षं एका विशिष्ट जातीच्या नायकाची चलती आहे. तो मेलेला असतो, किंवा अर्धा सैतान असतो, किंवा त्याने आपला आत्मा कुठेतरी गहाण टाकलेला असतो. तो दुष्टांना मारतो, पण त्याच्या शेजारी राहायला आपल्याला आवडणार नाही. इंग्रजीत त्याला अँटीहिरो म्हणतात आणि आता मराठीतही तोच शब्द चालतो. त्याचे जाडजूड संग्रह निघतात, वाचक ते पुन्हा पुन्हा वाचतात आणि त्यावरून हमरीतुमरीवर येतात. ही भांडणं बारकाईने पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. नायकाने माणसं मारली, खोटं बोलला, मित्राला दगा दिला, तरी वाचक चालवून घेतो. पण ज्या नियमाने तो भूत झाला, तो नियम लेखकाने सोयीसाठी वाकवला, की वाचक खवळतो.

आपल्याला हे नवीन नाही. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा घ्या. जयवंत दळवींचं हे गाव. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, आणि इथे तोच गावाचा राखणदार. रात्री तो गावाच्या सीमेवरून फिरतो अशी श्रद्धा आहे, म्हणून त्याला नवस फेडताना वहाणा वाहतात. साध्या नव्हेत, हातभर लांबीच्या, जाड चामड्याच्या. केळ्यांचे घड वाहतात ते वेगळेच. वाहिलेल्या वहाणांचे तळ झिजलेले दिसतात, असं भाविक सांगतात. या देवाबद्दल बोलताना लोकांच्या आवाजात प्रेम असतं, पण त्या प्रेमाला धाकाची किनार असते. चोरी करणाऱ्याला तो सोडणार नाही आणि नवस बोलून विसरणाऱ्यालाही सोडणार नाही. दोन्हींसाठी त्याच्याकडे कायदा एकच. गोव्यात पैंगीण, लोलये, आमोणे इथेही बेताळ आहे. देवचार आणि राखणदार तर कोकणात वाडीवाडीला. भीतिदायक असणं हीच ज्याची पात्रता आहे, असा रक्षक आपल्या माणसाला समजावून द्यावा लागत नाही.

हाच वेताळ जेव्हा झाडावरून खाली उतरून राजाच्या खांद्यावर बसला, तेव्हा त्याचा कायदा आणखी काटेकोर झाला. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त घेतलेली वेतालपंचविंशती आपल्याला ‘चांदोबा’ने घरपोच दिली. मद्रासच्या ‘चंदामामा’ची मराठी आवृत्ती १९५२ साली सुरू झाली. तिच्यातलं ते चित्र ज्यांनी पाहिलंय त्यांना वर्णन करून सांगायची गरज नाही, पण नव्यांसाठी सांगतो. स्मशान, वाकडं झाड, जमिनीवर कवट्या आणि साप, मधोमध तलवार उपसलेला विक्रम, त्याच्या खांद्यावर आडवं पडलेलं प्रेत आणि त्याच्या पांढऱ्या जटा मागे उडालेल्या. शंकर या नावाने सही करणाऱ्या के. सी. शिवशंकरन यांनी ते चित्र काढलं. साठ वर्षं ते ‘चंदामामा’साठी रेखाटत राहिले आणि २०२० साली वारले. चित्रातल्या राजाचा चेहरा मला नेहमी विलक्षण वाटतो. त्यावर भीती नाही आणि शौर्याचा आवही नाही. अंगावर घेतलेलं काम पुरं करणाऱ्या माणसाचा तो चेहरा आहे.

नियम सगळ्यांना पाठ होता. वाटेत वेताळ गोष्ट सांगून शेवटी प्रश्न विचारणार. राजाने तोंड उघडलं तर वेताळ झाडावर परत जाणार. उत्तर माहीत असून गप्प बसला तर डोकं फुटणार. या दोन अटींच्या कात्रीत राजा सापडतो आणि प्रत्येक वेळी उत्तर देतो, म्हणजे प्रत्येक वेळी हरतो. सोमदेवाच्या कथेत याला शेवट आहे. अखेरचा प्रश्न नात्यागोत्याच्या गुंत्याचा असतो. बाप आणि मुलगा अनुक्रमे मुलगी आणि आई यांच्याशी लग्न करतात, तर त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजाला खरंच उत्तर येत नाही, म्हणून तो गप्प राहतो, म्हणून नियम मोडत नाही आणि वेताळ बांधला जातो. मग खूश झालेला वेताळ राजाला सांगतो की ज्या जोगड्यासाठी तू मला नेतोयस, तो तुझाच बळी देणार आहे. तो तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल. तेव्हा म्हण, मी राजा, मला नमस्कार घालायची सवय नाही, करून दाखव. जोगडा जमिनीवर पालथा होतो आणि राजा त्याचं मुंडकं उडवतो.

भुतावर मात करायची ती त्याच्याच नियमाच्या आधाराने, हा धडा इथे पुरा झाला. ‘चांदोबा’ला मात्र हा शेवट परवडणारा नव्हता. मासिक दर महिन्याला निघतं, पंचवीस गोष्टी दोन वर्षांत संपतात. तेव्हा संपादकांनी नव्या गोष्टी रचून घेतल्या आणि राजाला अनेक दशकं उत्तरं येतच राहिली. वाचकांची त्याबद्दल तक्रार नव्हती. उलट पान उलटण्याआधी आपलं उत्तर ठरवायचं आणि मग राजाचं वाचायचं, हा घरोघरचा खेळ होता. राजाचं उत्तर पटलं नाही की भावंडांत वाद. राजा चुकलाय असं ठामपणे म्हणणारी एक तरी आत्या प्रत्येक घरात असायचीच.

मग इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ आला. टाइम्स ऑफ इंडियाच्या घराने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली. ली फॉकचा फँटम, अमेरिकी वर्तमानपत्रांत फेब्रुवारी १९३६ पासून चालत आलेला, मराठीत वेताळ या नावाने अवतरला आणि बघता बघता घरचा झाला. खरं तर तो भूत नाहीच. बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ एकवीस पिढ्या पाळणारं ते एक घराणं आहे. जंगलाला वाटतं की हा चारशे वर्षं मरत नाही. खलनायक त्या समजुतीने थरथरतात आणि वाचकाला मात्र खरं काय ते माहीत असतं. या गुपितातली भागीदारी हेच त्या कॉमिकचं निम्मं सुख होतं. भारतीय वाचकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून संपादकांनी काही नावंही बदलली. समुद्री चाच्यांच्या टोळीचं ‘सिंग’ हे नाव ‘सिंगा’ झालं आणि बंगालची आठवण करून देणारं बंगाला हे जंगल ‘डेंकाली’ झालं. कवटीची अंगठी आणि तिचा जबड्यावर उमटणारा ठसा मात्र तसाच ठेवला. तो बदलला असता तर वाचकांनी अंक परत पाठवले असते, असं मला वाटतं.

अमेरिकेत याच सुमारास मेलेल्यांना कॉमिकमध्ये यायला बंदी होती. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचं मुलं कॉमिकमुळे बिघडतात असं सांगणारं पुस्तक आलं, सिनेटसमोर सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच कॉमिक्स कोड लादून घेतला. चालतीबोलती प्रेतं, रक्तपिपासू पिशाच्चं, माणूस-लांडगे, सगळं बाद. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’सारखी भयकथांची कॉमिकं बंद झाली. त्याची लाट आपल्यापर्यंतही आली. भारताच्या संसदेने १९५६ साली तरुणांसाठी हानिकारक प्रकाशनांविरुद्धचा कायदा केला. त्यात गुन्हे, क्रौर्य किंवा किळसवाण्या आणि भयंकर घटना रंगवून तरुण मन बिघडवणाऱ्या, चित्रांसह किंवा निव्वळ चित्रांत सांगितलेल्या गोष्टींवर बडगा आहे. गंमत म्हणजे या कायद्यात ‘तरुण व्यक्ती’ वीस वर्षांपर्यंतची. म्हणजे त्या काळी ज्याचं लग्न होऊन मूलही झालेलं असे, त्याला भुताच्या कॉमिकपासून वाचवायचं! स्मशान, कवट्या आणि खांद्यावर प्रेत असलेला ‘चांदोबा’ मात्र दर महिन्याला बिनघोर येत राहिला.

अमेरिकेतल्या त्या कोडचा एक किस्सा फार छान आहे. डीसी या कॉमिक कंपनीच्या एका भयकथेच्या अंकात, ही गोष्ट आपल्याला एका भटक्या वुल्फमनने सांगितली, असं वाक्य होतं. माणूस-लांडग्यांचा उल्लेख चालणार नाही, असं कोडवाल्यांनी बजावलं. कंपनीने कळवलं की वुल्फमन हे लेखकाचं खरंखुरं आडनाव आहे, मार्व वुल्फमन. मग तसं श्रेयनामावलीत छापा, असं उत्तर आलं आणि तसं छापलं गेलं. १९७१ साली कोड सैल झाला, ड्रॅक्युला आणि लांडगे परत आले, पण झोंबी बादच राहिले. तेव्हा मार्व्हलने त्यांना ‘झुवेंबी’ म्हणायला सुरुवात केली. नियम आणि त्यातली पळवाट हा खेळ असा कागदाच्या दोन्ही बाजूंना चालू होता.

दार उघडल्यावर पुढच्याच वर्षी, १९७२ साली, घोस्ट रायडर आला. जॉनी ब्लेझ हा मोटरसायकलवर कसरती करणारा पोरगा. ज्या माणसाने त्याला बापाच्या मायेने वाढवलं, त्याला कॅन्सर झालेला. जॉनी सैतानाशी करार करतो की याला कॅन्सरने मरू देऊ नकोस. सैतान शब्द पाळतो. कॅन्सर बरा होतो आणि तो माणूस एका कसरतीत अपघाताने मरतो. करारात अपघाताचा उल्लेख कुठे होता? रात्री जॉनीच्या डोक्याची जळती कवटी होते ती या करारापोटी. १९९२ साली टॉड मॅकफार्लेनने ‘स्पॉन’ काढलं आणि त्याच्या पहिल्या अंकाच्या सतरा लाख प्रती खपल्या. त्यातला अल सिमन्स बायकोला पुन्हा पाहता यावं म्हणून नरकाच्या धन्याशी सौदा करतो. परत येतो तर पाच वर्षं उलटलेली, चेहरा जळलेला आणि बायकोने त्याच्या जिवलग मित्राशी संसार मांडलेला. पाहायला मिळाली की नाही? मिळाली. शिवाय त्याला मिळालेली शक्ती मोजकी होती. पानावर ९:९:९:९ असा आकडा दिसे आणि शक्ती वापरली की तो उतरे. वाचकाला हिशेब ठेवायची सोय करून दिल्यावर वाचक तो ठेवणारच.

या जातीतला सगळ्यात बेरकी म्हणजे जॉन कॉन्स्टंटाइन. लिव्हरपूलचा, मळका कोट घालणारा, सतत सिगारेट ओढणारा मांत्रिक. अ‍ॅलन मूरने १९८५ साली त्याला ‘स्वॅम्प थिंग’मध्ये आणलं आणि पुढे ‘हेलब्लेझर’ ही त्याची स्वतःची मालिका १९८८ पासून तीनशे अंक चालली. गार्थ एनिसने १९९१ साली लिहिलेला, ‘डेंजरस हॅबिट्स’ या नावाने संग्रहरूपात आलेला भाग हा तिचा कळस मानतात आणि मला ते पटतं. सिगारेटींनी जे व्हायचं ते होतं, कॉन्स्टंटाइनला फुप्फुसाचा कॅन्सर होतो. मेला की नरक ठरलेला, कारण नरकाच्या एका धन्याचा त्याने अपमान केलेला आहे. तेव्हा हा काय करतो, तर उरलेल्या दोन धन्यांना आपला आत्मा गुपचूप वेगवेगळा विकतो. आता तो मेला तर एकाच आत्म्यावर तिघांचा हक्क आणि त्यावरून नरकात यादवी. तिघांनाही ते परवडणारं नसतं. नाइलाजाने तेच त्याचा कॅन्सर बरा करतात. तो उठतो आणि त्यांना बोट दाखवून चालू लागतो. जोगड्याला नमस्कार करून दाखव म्हणणाऱ्या राजाची आणि या माणसाची जात एकच.

फरक आहे तो बंधन कुठून येतं यात. पाश्चात्य अँटीहिरो बहुतेक करारपत्राने बांधलेला असतो. त्याने स्वतःच्या मूर्खपणाने किंवा मोहाने सही केलेली असते आणि पुढचं सगळं आयुष्य त्या सहीची फेड. आपल्याकडे बंधन येतं ते दिलेल्या शब्दातून, नवसातून, नाही तर राहून गेलेल्या इच्छेतून. त्यात पाप असेलच असं नाही. म्हणून आपल्या भुताची कीव येते, त्यांच्या भुताला आधी दोष द्यावासा वाटतो. हा माझा अंदाज आहे, पण दिल्लीच्या हिंदी कॉमिकांकडे पाहिलं की तो बळावतो.

बुराडी ही दिल्लीच्या उत्तर टोकाची वस्ती. तिथून राजकुमार गुप्ता आणि त्यांच्या संजय, मनोज, मनीष या मुलांनी १९८६ पासून राज कॉमिक्स चालवलं. त्यांचा पहिला मोठा नायक नागराज. त्याची कथा लिहिली परशुराम शर्मा यांनी आणि त्याला रूप दिलं पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. हेच मुळीक ‘अमर चित्र कथा’च्या शिवाजीचे चित्रकार. त्या अंकाची संहिता आपल्या भा. रा. भागवतांची. एकाच हाताने शिवाजी आणि नागराज रेखाटले, ही गोष्ट मला फार आवडते. मुळीकांची माणसं हाडामासाची असत, मानेच्या शिरा दिसत, उभं राहण्यात वजन असे. त्यामुळे हिरव्या खवल्यांचा, मनगटातून साप सोडणारा माणूसही खरा वाटला.

आणि सुरुवातीला हा नागराज नायक नव्हताच. प्रोफेसर नागमणीने त्याला भाड्याने द्यायचं हत्यार म्हणून बनवलेलं होतं. पहिलीच कामगिरी देवळातली सोन्याची मूर्ती पळवण्याची. तिथे त्याची गाठ बाबा गोरखनाथांशी पडते. ते त्याला हरवतात आणि त्याच्या डोक्यातली नागमणीची कॅप्सूल काढून त्याला मोकळं करतात. नवनाथांच्या पोथीची पारायणं ऐकलेल्या आणि बत्तीस शिराळ्याची नागपंचमी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला इथे सगळी सोयरीक जुनीच दिसते. सुटल्यावर नागराज जगभर दहशतवाद्यांच्या मागे लागतो. त्याचा दंश झालेला माणूस वितळून जातो आणि त्याबद्दल त्याच्या मनाला टोचणी वगैरे नाही.

नव्वदच्या दशकात मुळीकांनंतर अनुपम सिन्हांनी नागराज हाती घेतला. त्याच्या रक्तात पांढऱ्या पेशींच्या जागी सूक्ष्म साप आहेत, तो राजघराण्यातला आहे, असा भरपूर इतिहास त्याच्यामागे उभा राहिला. कथा भव्य झाल्या आणि वाचकांचे दोन तट पडले. एकाला मुळीकांचा एकटा, थंड डोळ्यांचा नागराज हवा, दुसऱ्याला सिन्हांचा घरंदाज. हे भांडण आजही जुन्या वाचकांत ऐकू येतं. माझं मत विचाराल तर पहिला भीतिदायक होता, दुसरा कर्तबगार आहे. मला वेतोबाच्या जवळचा वाटतो तो पहिला.

याच घरातला अँथनी मात्र निखळ भूत. अन्यायाने मारलेला, थडग्यात पुरलेला आणि कुणी निरपराध संकटात सापडला की थडगं फोडून उठणारा. सोबत प्रिन्स नावाचा कावळा. अमेरिकेत जेम्स ओबारने १९८९ साली ‘द क्रो’ काढलं होतं. दारूच्या नशेत गाडी हाकणाऱ्याने त्याच्या वाग्दत्त वधूला चिरडलं, त्या दुःखातून ते आलं. त्यातही मेलेला प्रियकर कावळ्याच्या सोबतीने सूड घेतो. अँथनीवर त्याची सावली आहे, हे उघड आहे. पण दहाव्याच्या दिवशी घाटावर उभं राहिलेल्या माणसाला ओबारने कावळ्याबद्दल काय सांगावं? पिंड ठेवलेला असतो, कावळे झाडावर बसलेले असतात, पण एकही खाली येत नाही. मग थोरला मुलगा पुढे होऊन हात जोडतो आणि म्हणतो, “धाकटीचं लग्न मी करून देईन, काळजी करू नका.” तरी नाही. मग कुणाला तरी आठवतं की बाबांचं शेजाऱ्याकडचं देणं राहिलंय. तेही कबूल केलं जातं. कावळा शिवतो आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. या दृश्यात भूत आहे, मागणं आहे, नियम आहे आणि साक्षीदारही. अँथनीच्या कावळ्याकडे पाहताना इथल्या वाचकाला जे जाणवतं, त्यातलं निम्मं त्याने घरूनच आणलेलं असतं.

वाचकाला निकाल द्यायची सोय केली तर काय होतं, हे १९८८ साली डीसीने पाहिलं. बॅटमनचा दुसरा रॉबिन, जेसन टॉड, अनेकांना आवडत नव्हता. जोकरने लावलेल्या स्फोटात तो मरावा की जगावा, हे वाचकांनी फोन करून ठरवायचं होतं. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगं गेलं. २००५ साली तोच जेसन मेलेल्यातून उठून रेड हूड झाला, बंदूक चालवणारा, बॅटमनवर चिडलेला, अगदी शिक्क्याचा अँटीहिरो. वाचकांनी त्याला डोक्यावर घेतलं, ज्याला आधी मारलं त्यालाच. पण तो उठला कसा, याचं कंपनीने दिलेलं कारण मात्र आजही थट्टेचा विषय आहे. दुसऱ्या विश्वातल्या एका सुपरबॉयने वास्तवाच्या भिंतीवर ठोसे मारले, त्या हादऱ्याने मेलेला मुलगा जिवंत झाला! नवस नाही, करार नाही, राहिलेली इच्छा नाही. कुठल्याही कावळ्याने हा पिंड शिवला नसता.

आता नवी पिढी आली आहे. २०११ साली दिल्ली हाटमध्ये पहिलं कॉमिक कॉन भरलं. पुढच्या वर्षी मुंबईच्या होली काऊ या छोट्या प्रकाशनाचं ‘अघोरी’ आलं. लेखक राम व्ही, चित्रकार विवेक गोएल. मुंबईत जन्मलेला हा राम व्ही पुढे लंडनहून लिहू लागला. २०१८ साली त्याने दिल्लीचे चित्रकार सुमित कुमार यांच्याबरोबर ‘दीज सॅव्हेज शोअर्स’ केलं. त्यातली अक्षरं मराठी आडनावाच्या आदित्य बिडीकर यांची. पाच अंकांची ही कथा १७६६ साली मलबार किनाऱ्यावर सुरू होते. लंडनमध्ये लफडी करून बसलेल्या एका उमराव रक्तपिपासूला ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून कालिकतला पाठवलं जातं. हिंदुस्थानात मोकळं रान मिळेल अशी त्याची समजूत. पहिल्याच अंकाच्या अखेरीस त्याची गाठ बिशनशी पडते. बिशन म्हणजे तिथल्या बालराजाचा रक्षक, माणसाच्या रूपातला एक फार जुना राक्षस. गोरा पाहुणा तिथेच संपतो. पिशाच्चाची गोष्ट वाचायला बसलेल्या वाचकाच्या हातात उरते ती एका राखणदाराची. सीमेवरून आत आलेल्याला न सोडणारा, स्वतः कधी म्हातारा न होणारा आणि ज्यांच्यावर प्रेम करतो ती माणसं मात्र म्हातारी होताना, मरताना पाहणारा. आरवलीच्या माणसाला हे पुस्तक वाचायला द्यावं. टिपा लागणार नाहीत.

राम व्हीच्याच ‘द मेनी डेथ्स ऑफ लैला स्टार’मध्ये, २०२१ साली, मृत्यूची देवताच नोकरीवरून काढली जाते, कारण अमरत्वाचा शोध लावणारं मूल मुंबईत जन्माला आलेलं असतं. ती एका मुलीच्या शरीरात उतरते आणि त्या मुलाच्या मागावर निघते. फिलिपे आंद्रादे या पोर्तुगीज चित्रकाराची मुंबई जांभळ्या-गुलाबी रंगांत न्हालेली आहे. एका प्रकरणाचा निवेदक कावळा आहे, हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्या मालिका आज देखण्या बांधणीच्या संग्रहांत मिळतात. ‘हेलब्लेझर’चे खंड आहेत आणि राज कॉमिक्सच्याही संग्राह्य आवृत्त्या आहेत. मधल्या काळात गुप्ता बंधू वेगळे झाले, तिघांच्या नावांनी तीन राज कॉमिक्स झाली आणि कुठली गोष्ट कोणाकडून घ्यायची याचा हिशेब वाचकच ठेवू लागले. संग्रहाने वाचन सोपं केलं, पण त्यात एक गोष्ट बहुतेक वेळा गळून जाते. सुट्या अंकांच्या शेवटी वाचकांची पत्रं असत. राज कॉमिक्समध्ये ‘ग्रीन पेज’ असे. मागच्या अंकात नायकाने अमुक शक्ती का वापरली नाही, तमुक खलनायक तर मेला होता ना, अशी उलटतपासणी तिथे चाले आणि संपादकाला उत्तर द्यावं लागे. खंडात कथा सलग येते आणि तिला धारेवर धरणारे लोक गायब होतात.

म्हणून सुट्या अंकांना गिऱ्हाईक आहे. दर्यागंजचा रविवारचा जुन्या पुस्तकांचा बाजार २०१९ मध्ये फुटपाथवरून उठवला गेला आणि आसफ अली रोडवरच्या महिला हाटमध्ये गेला. कस्तुरबा गांधी मार्गावरून रिक्षाने जाण्याजोगं अंतर. तिथे जुन्या कॉमिकांचे गठ्ठे मांडलेले असतात. मुरलेलं गिऱ्हाईक मुखपृष्ठाकडे फारसं बघत नाही. आधी मधल्या पिना गंजल्यात का ते बघतं, मग अंक उलटा करून मागून उघडतं, पत्रांचं पान फाडलेलं तर नाही ना याची खात्री करतं आणि त्यानंतरच भाव विचारतं.